खोक्यातले संगणक, खेळातलं गणित

२००२ च्या जूनमध्ये ‘प्रथम’ या संस्थेने वडोदरा महापालिकेच्या शाळांची पाहणी केली. दोन वर्षांपूर्वी गुजरात सरकारने शहरातल्या १०० पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. म्हणजे पाचांपैकी चार शाळांत यंत्रं पोहोचली होती. कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात बरेचसे संगणक खोक्यांतून बाहेरच आले नव्हते, कारण ते चालवता येईल असं शाळेत कोणी नव्हतं. प्राथमिकच्या मुलांचा हात लागलेली यंत्रं तर अगदीच मोजकी निघाली.

शिक्षणाच्या बाबतीत हे शहर नवखं नव्हतं. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. मराठी घरांत अजूनही ‘बडोदे’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या शहरात शंभर वर्षांनंतर मुलं शाळेत येत होती, पटावर त्यांची नावं होती. पण तिसरीतल्या पाच मुलांपैकी जेमतेम एकाला पहिलीच्या पातळीचं गणित धड जमत होतं. मुलं शाळेत आणण्याचं काम सयाजीरावांच्या काळात सुरू झालं होतं. शाळेत आलेलं मूल शिकतंय का, हा प्रश्न मात्र तसाच पडून होता, त्या खोक्यांसारखाच.

पुढच्या दोन वर्षांत खोकी उघडली आणि चौथीतली मुलं जोडीजोडीने पडद्यासमोर बसून गणिताचे खेळ खेळू लागली. खेळातून मूल खरंच शिकतं का, या वादाला भारतात काटेकोर मोजमाप घेऊन मिळालेल्या पहिल्या काही उत्तरांमध्ये बडोद्याच्या या प्रयोगाचं नाव घ्यावं लागतं. पण तिथवर यायला तीन दशकं लागली होती आणि त्या वाटेचा एक टप्पा आपल्या सिंधुदुर्गातून जातो.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये मिनियापोलिस शहरातल्या एका शाळेत डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक आठवीच्या मुलांना इतिहास शिकवत होता. बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा प्रवास मुलांच्या गळी कसा उतरवायचा, हा त्याच्यापुढचा पेच होता. दोन मित्रांच्या मदतीने त्याने ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा संगणकी खेळ रचला. पडदा नव्हताच. टाइपरायटरसारख्या यंत्रातून कागदाची गुंडाळी बाहेर पडायची आणि तिच्यावर प्रश्न छापून यायचे. धान्यावर किती पैसे खर्च करायचे? काडतुसं किती घ्यायची? शिकार करायची तर ‘बँग’ हा शब्द झटपट टाइप करायचा. बोटं अडखळली की सावज निसटलं. मुलांनी आपोआप कामं वाटून घेतली. एक जण टाइप करायचा, एक जण नकाशा बघायचा, एक जण पैशांचा हिशेब ठेवायचा. पुढे मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक मंडळाने हा खेळ राज्यभरच्या शाळांत पोहोचवला.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घेऊन काम करत होते. मुलाने आज्ञा द्यायची आणि कासवाने रेघ ओढत पुढे सरकायचं. मुलाला संगणकाने शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावं, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. १९८० मध्ये त्यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक आलं आणि जगभरच्या शिक्षणखात्यांना संगणकाची स्वप्नं पडू लागली.

भारत सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक निवडण्यात आले. निवडक माध्यमिक शाळांत संगणकाची खोली झाली, तिला पडदे लागले, बाहेर चपला काढून आत जायची शिस्त आली. मुलांच्या वाट्याला आला तो संगणकाचा परिचय. त्यावरून गणित किंवा भाषा शिकणं दूरच राहिलं. यंत्र महाग, दुरुस्तीला माणूस नाही आणि बिघडलं तर जबाबदारी कोणाची, ही धास्ती. त्यापेक्षा कुलूप बरं, असा व्यवहारी निर्णय अनेक मुख्याध्यापकांनी घेतला तर त्यात नवल नव्हतं.

घराघरांत मात्र संगणक दुसऱ्याच दाराने शिरला. निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून गाजल्या. दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट चालेना की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा त्या पिढीचा विधीच होता. निंटेंडोने अगदी सुरुवातीलाच ‘डाँकी काँग ज्युनियर मॅथ’ नावाचा बेरीज-वजाबाकीचा खेळ काढून पाहिला होता. तो काही चालला नाही. मारिओ चालला, काँट्रा चालला. पुढे कीबोर्ड जोडलेले टीव्ही गेमही आले. दुकानदार ते ‘मुलांचा कॉम्प्युटर’ म्हणून विकायचा, त्यात टायपिंगचे नि गणिताचे चार खेळ असायचे आणि त्या चार खेळांकडे बोट दाखवून मुलं आईवडिलांकडून यंत्र पदरात पाडून घ्यायची. खेळ आणि अभ्यास या दोन गोष्टी मोठ्यांच्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या आणि मुलांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला.

हे कप्पे पहिल्यांदा जोरात हलले ते २६ जानेवारी १९९९ रोजी. दिल्लीतल्या कालकाजी भागात एनआयआयटी या कंपनीच्या कार्यालयाला लागून झोपडपट्टी होती. कंपनीतले संशोधक सुगत मित्रा यांनी मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात इंटरनेट जोडलेला संगणक बसवला आणि तो तसाच सोडून दिला. शिकवायला कोणी नाही, सूचना नाहीत. शाळेचं तोंड क्वचितच पाहिलेल्या मुलांनी काही तासांत पडद्यावरचा बाण हलवायला सुरुवात केली. त्या बाणाला ती ‘सुई’ म्हणू लागली आणि यंत्र विचारात पडलं की दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. दिवसभर चित्रं काढायची, खेळ शोधायचे, सापडलेला खेळ दुसऱ्याला दाखवायचा. मोठ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला. मित्रा यांचं म्हणणं वेगळं होतं. खेळाच्या ओढीनेच मुलं यंत्र हाताळायला शिकतात आणि शिकलेलं एकमेकांना देतात, असं ते सांगत राहिले.

पुढे शिवपुरी झालं, उत्तर प्रदेशातलं मदनतुसी झालं आणि मग हा प्रयोग सिंधुदुर्गात आला. इथे परिस्थिती दिल्लीपेक्षा निराळी होती. मुलं शाळेत नियमित जाणारी, गावं शिक्षणाची आस असलेली. पण संगणक म्हणजे तालुक्याच्या गावची चीज. शाळेच्या आवारात उघड्यावर, मुलांच्या उंचीला संगणक बसवण्यात आले. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याभोवती घोळका जमायचा. माउस एकाच्या हातात, बाकीचे सूचना देणारे.

परिमला इनामदार यांनी या मुलांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला मुद्दा लक्षवेधी होता. आठवीच्या ज्या मुलांना संगणक हा विषय वर्गात कोणी शिकवलाच नव्हता, ती केवळ आवारातल्या यंत्रावर खेळून-बागडून त्या विषयाची शालेय परीक्षा देऊ शकली आणि उत्तीर्णही झाली. तीन वर्षांनी अरुण कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. संगणक नियमित वापरणाऱ्या मुलांच्या गणितातही सुधारणा दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता.

प्रयोगाचं कौतुक झालं, तशी टीकाही झाली. अमेरिकी अभ्यासक मार्क वॉर्शावर दिल्लीतल्या अशाच एका ठिकाणी जाऊन आले. इंटरनेट बहुतेक वेळा बंद, हिंदीत काही साहित्य नाही, मुलं बराच वेळ चित्रं काढण्यात नि खेळण्यात घालवतात आणि आईबापांना वाटतं की यापेक्षा कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी २००२ मध्ये लिहिलं. पुढे पायल अरोरा उत्तराखंडात अल्मोड्याला गेल्या, तेव्हा तिथली यंत्रं बंद पडली होती आणि गावाला त्यांची फारशी आठवणही उरली नव्हती. मूल आपणहून पुष्कळ शिकतं हे खरं. पण त्याने काय शिकावं आणि यंत्र बंद पडलं तर कोणी बघावं, या प्रश्नांना भिंतीतल्या भोकापाशी उत्तर नव्हतं.

‘प्रथम’ची बडोद्यातली मांडणी नेमकी इथून वेगळी होते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत ही संस्था उभी केली होती. पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमायचं, हा तिचा मुख्य कार्यक्रम. बालसखीला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन. ती १५ ते २० मुलं वर्गाबाहेर घेऊन बसायची, रोज साधारण दोन तास, आणि अक्षरओळखीपासून सुरू करायची. मुंबईत संस्थेने संगणकावरचे खेळही वापरून पाहिले होते. बडोद्यात यंत्रं आयतीच होती. नव्हती ती माणसं आणि खेळ.

संस्थेने स्थानिक तरुण-तरुणी शोधल्या आणि त्यांना पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास मिळायचे. त्यातला एक तास शाळेच्या वेळातला, दुसरा शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर. एका संगणकावर दोन मुलं. खेळ गणिताचे आणि अभ्यासक्रमातल्याच पायाभूत गोष्टींवर बेतलेले. पहिल्या वर्षी ते संस्थेने स्वतः तयार केले, दुसऱ्या वर्षी बडोद्यातल्याच एका कंपनीने त्यांत भर घातली.

या मांडणीत सगळ्यात बारकाईने पाहावी अशी गोष्ट म्हणजे त्या तरुणांचं काम. त्यांना गणित शिकवायचं नव्हतं. तशी सक्त सूचनाच होती. फळ्याकडे जायचं नाही, सगळ्यांना एकदम काही समजावायचं नाही. जोडीजवळ उभं राहायचं, खेळ कुठे अडला ते बघायचं आणि खेळात काय करायचंय तेवढंच सांगायचं. सोपं जात असेल तर पुढचा खेळ, अवघड जात असेल तर मागचा. वर्गात सगळ्या मुलांना एकच पान शिकवलं जायचं. इथे शेजारशेजारच्या दोन जोड्या वेगळ्या पायरीवर असू शकत होत्या आणि त्यात कोणाला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं.

याचं मोजमाप अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी केलं. औषधाची चाचणी घेतात त्या रीतीने चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या गेल्या. काहींना खेळ मिळाले, काहींना नाही. आधी आणि नंतर सगळ्यांची परीक्षा घेतली. ज्या शाळांत कार्यक्रम नव्हता, त्यांनीही आपले संगणक हवे तसे वापरायला कोणाची हरकत नव्हती. पाहणीत मात्र तिथे त्यांचा शिकवण्यासाठी वापर दिसला नाही.

पहिल्या वर्षाअखेर खेळणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण ०.३५ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.४७ ने. संख्याशास्त्राची ही भाषा सोपी करायची तर शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर, पन्नासाव्या जागी असलेलं मूल दुसऱ्या वर्षाअखेर अडुसष्टाव्या जागेपर्यंत सरकलं. शिवाय हा लाभ हुशार मुलांनाही झाला आणि मागे पडलेल्यांनाही. शालेय सुधारणांच्या जगात एवढा फरक क्वचितच दिसतो.

पण त्याच निबंधात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणखी तीन आकडे होते आणि त्यांनी उत्साहाला लगाम घातला. एक, भाषेच्या गुणांवर खेळांचा काही परिणाम झाला नाही. गणिताचा खेळ गणितापुरताच. दोन, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने मोजलं तर ०.४७ मधला जेमतेम ०.१ एवढाच फरक टिकून होता. तीन, खर्च. संगणकाची किंमत धरून दर मुलामागे वर्षाला ७२२ रुपये लागले. बालसखीला लागत होते १०७. बालसखीने दुसऱ्या वर्षी ०.२८ ची वाढ दिली होती, तीही भाषा आणि गणित मिळून. म्हणजे खेळाचा परिणाम मोठा होता. पण तेवढ्याच पैशांत वस्तीतली मुलगी सहा-सात पट मुलांपर्यंत पोहोचत होती.

सगळ्यात टोकाचा आकडा याच मालिकेतल्या पुढच्या प्रयोगातून आला. ली लिंडेन यांनी गुजरातमधल्या ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत संगणकाचा असाच कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवून पाहिला. एका पद्धतीत मुलं शिकवण्याच्या वेळातून उठून संगणकावर जायची. दुसरीत शाळेच्या वेळेबाहेर, जादा. जादा वेळ मिळालेल्या मुलांचे गुण ०.२८ ने वाढले. शिकवणं सोडून खेळायला गेलेल्यांचे ०.५७ ने घटले. ज्ञानशालेचं शिकवणं मुळात नेटकं होतं. त्याचा तास काढून यंत्राला दिला, तेव्हा मुलांनी गमावलं ते जास्त होतं. बडोद्यातही निम्मा वेळ शाळेतलाच होता, पण तिथे त्या तासाला गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं. कार्यक्रम सारखाच. फरक पडला तो खेळाने कोणाची जागा घेतली यावरून.

यानंतरच्या दशकात यंत्र बदललं. संगणकाच्या खोलीची जागा टॅबलेटने घेतली, मग मोबाइलने. २०१५ मध्ये दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकी कार्यक्रमाची चाचणी झाली. मुलाची पातळी ओळखून प्रश्न देणारा हा कार्यक्रम शाळेनंतरच्या केंद्रांत चालायचा आणि सोबत शिक्षकही असायचा. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ ची वाढ दिसली. जादा वेळ, पातळीनुसार खेळ आणि जवळ माणूस या बडोद्याच्या तीन गोष्टी तिथेही होत्या. २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा भारतातल्या या शाळांचा उल्लेख पुन्हा पुन्हा झाला.

लगेच पुढच्या वर्षी करोनामुळे शाळाच बंद पडल्या. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती. २०२१ मध्ये ती ६७.६ टक्के झाली. यंत्र घरात आलं, तेही कोणत्याही सरकारी योजनेविना. पण घरात फोन असूनही सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांच्या हाती तो येत नव्हता. बाप कामावर गेला की फोनही कामावर जायचा. आणि हाती आला तर त्यावर काय चालायचं, हे सांगायला नको. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा तो खेळ बंद झाल्याचा सुस्कारा सोडणाऱ्या पालकांना शिकवणारा खेळ म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. तसा खेळ त्यांच्यापर्यंत कोणी आणलाच नव्हता.

या सगळ्या इतिहासाचा हिशेब बीड जिल्ह्यात मांडला तर तो वेगळा दिसतो. या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्यासोबत लेकरंही फडावर जातात. मुलांनी मागे राहावं म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली. तरी जी जातात, त्यांचं निम्मं शालेय वर्ष उसाच्या फडात जातं. ती परत येतात, तेव्हा वर्ग चार धडे पुढे आणि मूल एक इयत्ता मागे असतं.

बडोद्यात चौथीच्या मुलाला पहिलीच्या पातळीवरून खेळ सुरू करता आला, त्याची सगळ्यात जास्त गरज अशा मुलाला आहे. वसतिगृहात संध्याकाळचा वेळ असतो, तोही शाळेच्या तासाला हात न लावता मिळणारा. मिळत नाही तो पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन शेजारी उभा राहणारा माणूस. बडोद्यातल्या प्रयोगात यंत्रं सरकारने दिली होती आणि ती दोन वर्षं पडून होती. ती चालू झाली ती त्या माणसांचं मानधन कोणीतरी दिलं म्हणून. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर समाजमाध्यमं पाहिलेली मुलं ७६ टक्के होती आणि अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के. खोकी तर आता सगळीकडेच उघडलेली आहेत. मानधनाची तरतूद मात्र अजूनही कोणाच्या अंदाजपत्रकात घालायची, यावर गाडी अडलेली आहे.